खंबीर कुणी व्हायचं?

*प्राथमिक शाळेतल्या मुलांचा छळ, मीरा-भाईंदरसारखं वाढतं शहर आणि मुलांच्या मनाला बळ देणारी माणसं*

दुसरी-तिसरीतलं मूल शाळेतून रडवेलं होऊन येतं. खूप खोदून विचारल्यावर सांगतं, की वर्गातली मुलं मला रोज चिडवतात, डबा पळवतात, खेळायला घेत नाहीत. त्यावर घरोघरी तीन उत्तरं ठरलेली आहेत. आई म्हणते, ‘तू लक्षच देऊ नकोस.’ बाबा म्हणतात, ‘तूही दोन ठेवून दे.’ आजी म्हणते, ‘बाईंना नाव सांग.’ तिघांचंही बोलणं मायेपोटी असतं. पण तिन्ही सल्ल्यांत काम एकाच्याच माथी येतं, त्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या. दुर्लक्ष त्यानं करायचं, मार त्यानं द्यायचा, तक्रारही त्यानंच करायची. वर्गातली बाकीची मुलं, बाई, व्हॅनचे काका, घरची मोठी माणसं, सगळ्यांनी जिथल्या तिथंच राहायचं. एवढं करून ते मूल कोमेजलं, तर आपण म्हणतो, ‘जरा खंबीर व्हायला हवं त्यानं.’

लहान मुलांच्या मनाची ताकद कशातून येते, यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभर बारकाईनं अभ्यास झाले आहेत. ते वाचल्यावर हा सल्ला उलटा करावासा वाटतो. मूल खंबीर होतं ते त्याच्याभोवतीची माणसं खंबीर असतात म्हणून.

कट्टी आणि छळ

आधी एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. मुलं भांडणारच. सकाळी करंगळी दाखवून ‘कट्टी’ आणि मधल्या सुट्टीत दोन बोटं पुढं करून ‘बट्टी’, हे बालपणाचं रोजचं कामकाज आहे. त्यात मोठ्यांनी पडू नये. भांडता-भांडता मुलं बोलायला, सोडून द्यायला, माफी मागायला शिकतात.

छळाची गोष्ट वेगळी. मूळचे स्वीडिश असलेले, नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात या विषयाचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही प्रमाण मानल्या जातात. दुखवायचं म्हणूनच केलेलं कृत्य, ते पुन्हा पुन्हा होणं, आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असणं. ताकद म्हणजे फक्त अंगबळ नाही. एका बाजूला सहा जणी आणि दुसऱ्या बाजूला एकटी, हाही ताकदीचाच फरक. सहा जणींनी ठरवून महिनाभर एकीशी न बोलणं हा छळच आहे, कारण तिथं बट्टीची वेळ कधी येतच नाही.

१९८२च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हेच त्यामागचं कारण असावं, असं पुढं आलं. त्यानंतर १९८३ साली त्या देशानं शाळांमध्ये राष्ट्रव्यापी मोहीम काढली. सरकारनं मुलामुलांमधल्या छळाकडं सार्वजनिक प्रश्न म्हणून पाहण्याचा तो आरंभ होता. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्यानं आदल्या महिन्यात निदान एकदा सोबत्यांकडून असा त्रास सोसलेला असतो.

‘मोठेपणी विसरतात मुलं’ हे आपलं लाडकं समाधान. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या मार्च महिन्यातल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यांतल्या ७,७७१ मुलांच्या पालकांनी मूल सात आणि अकरा वर्षांचं असताना त्याच्या छळाची माहिती दिली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीच्या आसपासही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त होतं आणि माणसांची साथ कमी होती. सात आणि अकरा, म्हणजे आपली दुसरी आणि सहावी. ज्या वयाला आपण ‘अजून लहान आहे’ म्हणतो, तेच हे वय.

वाढलेलं शहर, विरळ झालेली नजर

मीरा-भाईंदर हे या प्रश्नाकडं पाहण्यासाठी फार बोलकं शहर आहे. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वे ही आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती कोळ्यांची जुनी गावं, मिठागरं, खाडी, आणि मधून पश्चिम रेल्वे. १९८५ साली इथं नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ला ती पाच लाख वीस हजारांवर गेली आणि २०११ला आठ लाख नऊ हजारांवर. वीस वर्षांत साडेचार पटीहून जास्त. मुंबईत घर परवडेना म्हणून आलेली मराठी कुटुंबं, गुजराती-मारवाडी व्यापारी, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कष्टकरी, मुंबईतल्या जुन्या मोहल्ल्यांतून नया नगरात आलेली मुस्लिम कुटुंबं, दाक्षिणात्य नोकरदार असे सगळे इथं शेजारी झाले. पालिकेच्या शाळाच मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा माध्यमांच्या आहेत. त्यांच्या जोडीला खासगी इंग्रजी शाळा गल्लोगल्ली.

अशा शहरात मुलाचा दिवस कसा जातो? आई-बाबा चर्चगेटकडं जाणारी सकाळची लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. आजी-आजोबा गावी. मूल सोसायटीच्या फाटकातून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून शाळेत, शाळेतून पाळणाघरात, तिथून क्लासला. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी मोठं माणूस असतं, पण दिवसभर त्या मुलाकडं पाहणारं एकही नसतं. बाईंना व्हॅनमधलं कळत नाही, व्हॅनच्या काकांना वर्गातलं कळत नाही आणि आईला दोन्हींतलं काहीच कळत नाही.

छळ नेमका या फटींमध्ये होतो. दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला मीरा रोडच्या कुठल्याही दोन सत्रांच्या शाळेबाहेर उभं राहून बघा. सकाळची मुलं सुटत असतात, दुपारची शिरत असतात. रिक्षा, व्हॅन, स्कूटर, हाका, पाण्याच्या बाटल्या, आणि जिन्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची रेटारेटी. त्या गर्दीत कुणी कुणाची टोपी उडवली, दप्तराचा बंद ओढून कुणाला पायरीवर बसवलं, हे फाटकावरच्या शिपायाला दिसणं अशक्य आहे. मैदान नसलेल्या इमारतीत मधली सुट्टी वर्गात आणि व्हरांड्यात होते. मोठ्यांची नजर कमी पडते त्या जागा ठरलेल्या असतात: जिना, पाण्याचे नळ, शौचालय आणि व्हॅनची मागची सीट. राज्याच्या २०११च्या स्कूलबस नियमांत गाडीत चालकाशिवाय परिचर असणं बंधनकारक आहे. तो नियम अपघातापुरता नाही. मागच्या सीटवर कुणाचं तरी लक्ष हवं, हाही त्याचा उपयोग आहे.

चिडवायचे शब्द कुठून येतात

‘जाड्या’, ‘चष्मिस’, ‘काळू’, ‘तोतऱ्या’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वर्गात आहेतच. त्यांच्या जोडीला दुसरे असतात: ‘घाटी’, ‘भय्या’, ‘मच्छीवाली’, शिक्षण हक्क कायद्यातून प्रवेश मिळालेल्या मुलाला ‘आरटीईवाला’. हे शब्द मुलं स्वतः तयार करत नाहीत. जेवताना, फोनवर, सोसायटीच्या बैठकीत मोठी माणसं जे बोलतात, ते मुलं उचलतात आणि सकाळी दप्तरातून शाळेत नेतात.

२०२५मध्ये मीरा रोडला भाषेच्या वादावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तिची चित्रफीत देशभर फिरली. व्यापाऱ्यांनी बंद पाळला आणि ८ जुलैला मराठी भाषकांचा मोठा मोर्चा निघाला. त्यातल्या राजकारणावर मोठ्यांनी हवा तेवढा वाद घालावा. मराठीचा आग्रह धरण्यात मला काही गैर वाटत नाही. या भूमीत मराठी सन्मानानं बोलली जावी, ही मागणी रास्त आहे. पण चित्रफिती ज्या फोनवर आल्या, तो फोन रात्री मुलांच्याही हातात असतो. भाषेवरून माणसाला थोबाडीत मारता येते, हे पाहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारच्या मुलाशी कसं वागेल? ज्या सोसायटीत मराठी कुटुंबं मोजकी आहेत, तिथं मराठी मूल एकटं पडतं. ज्या वर्गात हिंदीभाषक मोजके आहेत, तिथं ते. दोघांचं दुखणं एकच आहे, आणि त्या दोघांपैकी कुणीही तो वाद सुरू केलेला नाही.

शाळेतल्या छळाला समाजातल्या उतरंडीचा आधार मिळाला, की तो किती खोल जातो, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. वर्गात कोपऱ्यात एकट्यानं बसायचं. बसायला वेगळं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर शिपाई पाणी वाढेल तेव्हाच प्यायचं. पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तेव्हा फळ्यामागं ठेवलेले आपापले जेवणाचे डबे हलवायला सवर्ण मुलं धावली. हा प्रसंग धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. त्या मुलांना कुणी आज्ञा दिली नव्हती. काय करायचं ते त्यांना घरून माहीत होतं.

अस्पृश्यता ही मुलांची खोडी नव्हती. ती एक क्रूर समाजव्यवस्था होती आणि तिची तुलना सरसकट कशाशीही करता येत नाही. पण वर्ग कसा चालतो, हे त्यातून दिसतं. त्याच साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत. त्या भाकरीची गोडी बाबासाहेबांनी पुढं स्वतः कृतज्ञतेनं सांगितली आहे. या गोष्टीवरून ‘छळ सोसला म्हणून माणूस मोठा झाला’ असा अर्थ काढणं हा त्या मुलावरचा दुसरा अन्याय होईल. त्याच व्यवस्थेत शाळा सुटलेली असंख्य मुलं होती आणि त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. ध्यानात ठेवायचं ते इतकंच, की सगळा वर्ग विरोधात असताना एका मोठ्या माणसानं रोज दाखवलेली माया मुलाच्या मनात आयुष्यभर राहते.

मनाचं बळ: अभ्यास काय सांगतात

एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातलं व्यसन, भांडणं, आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं समर्थ आणि प्रेमळ माणसं झाली. या मुलांमध्ये समान काय होतं? स्वभावाचा वाटा होताच. पण जवळपास प्रत्येकाच्या आयुष्यात त्याच्यावर विनाअट विश्वास टाकणारं निदान एक मोठं माणूस होतं. कधी आजी, कधी मावशी, कधी शिक्षक, कधी शेजारी.

दुसरा अभ्यास थेट छळाचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या १,११६ जुळ्यांच्या जोड्या संशोधकांनी प्राथमिक शाळेच्या वयात तपासल्या. छळ झालेल्या मुलांपैकी ज्यांना आईची ऊब, भावंडांची माया आणि घरात शांत वातावरण मिळालं, ती मुलं इतरांपेक्षा पुष्कळ सावरलेली होती. एकसारख्या जुळ्यांतही, ज्याला आईची माया जास्त लाभली त्याला त्रास कमी झाला. दोघांची जनुकं सारखीच, म्हणजे फरक मायेनं पडला.

हे वाचून कुण्या आईनं स्वतःला दोष लावून घेऊ नये. आठ-आठ तास नोकरी आणि चार तास लोकलमध्ये घालवणारी आई माया कमी करते, असं इथं कुणी म्हणत नाही. रात्री झोपताना पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून ऐकणं, हीसुद्धा तीच ऊब. मात्र त्या पंधरा मिनिटांत ‘मग तू काय केलंस?’ हा प्रश्न पहिला नको. पहिलं वाक्य असावं, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस.’ कारण मुलं मुळात सांगतच नाहीत. वर्गात ‘चहाडखोर’ हा शिक्का बसण्याची भीती, आई शाळेत जाऊन आरडाओरडा करेल ही भीती, आणि आपल्यातच काही खोट असेल ही लाज.

तोंडानं सांगत नाहीत, पण इतर मार्गांनी कळत राहतं. रविवारी संध्याकाळी पोटात दुखायला लागतं. डबा उघडला तर पोळी-भाजी जशीच्या तशी. नाहीतर डबा रिकामा, पण मूल घरी येताच खायला तुटून पडतं. महिन्यात तिसरा खोडरबर हरवतो. दारात पाऊल ठेवल्याबरोबर मूल शौचालयात धावतं, कारण शाळेतल्या शौचालयात मोठी मुलं अडवतात म्हणून त्यानं सकाळपासून धरून ठेवलेलं असतं. यांतली एखादी गोष्ट कधीतरी झाली तर काळजीचं कारण नाही. दोन-तीन एकदम आणि आठवडेच्या आठवडे दिसल्या, तर मुलाजवळ बसून विचारायला हवं.

बघणारी मुलं

या प्रश्नातला सगळ्यात आशेचा भाग वर्गातल्या उरलेल्या मुलांचा आहे. कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी कॅमेरे आणि माईक लावून छळाचे प्रसंग टिपले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेक प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती १९ टक्के प्रसंगांतच. आणि जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. मुलाला पेलेल अशी ही दहा सेकंदांची हिंमत आहे, आणि ती शिकवता येते.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्तिना सालमिवाल्ली यांनी नेमकं हेच धरलं. छळणाऱ्याला जोर येतो तो हसणाऱ्यांमुळं. हसू बंद झालं, तर छळणाऱ्याची मजा संपते. त्यांनी उभारलेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९पासून फिनलंडच्या शाळांत देशभर राबवला गेला. त्यात सगळ्या वर्गासाठी पाठ असतात. शिवाय छळ उघड झाला, की शिक्षक वर्गातल्या दोन ते चार समंजस, इतरांना आवडणाऱ्या मुलांना एकीकडं बोलावतात आणि त्या मुलाला सोबत करायला सांगतात. यासाठी आपल्याकडं पैसा लागत नाही. ‘उद्यापासून डबा खाताना तुम्ही दोघी तिला बोलवा’ एवढं बाईंनी हळूच सांगायचं असतं.

कार्यक्रमांनी जादू होत नाही, हेही सांगायला हवं. जगभरच्या अशा उपक्रमांचा एकत्र आढावा घेतला, तर छळ सरासरी १५ ते २० टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. पण छळ होणाऱ्या पाच-सात मुलांमागं एकाची सुटका, हे थोडं नाही.

उलट, आपल्याकडं सर्रास केली जाणारी एक गोष्ट टाळायला हवी: दोघांना वर्गासमोर उभं करून हात मिळवायला लावणं. बरोबरीच्या भांडणात ते ठीक. ताकदीत फरक असेल, तर छळलेल्या मुलाला तो आणखी एक जाहीर अपमान वाटतो आणि सुट्टीत त्याची भरपाई वसूल होते. दोघांशी वेगवेगळं बोलावं. छळणारं मूलही मूलच आहे. त्याला ‘गुंड’ म्हणून मोकळं होण्यात त्याचंही नुकसान आहे. ओल्वेयस यांनी सहावी ते नववीत इतरांना छळणाऱ्या मुलग्यांचा पुढं मागोवा घेतला. त्यांतल्या साधारण ६० टक्क्यांना वयाच्या चोविशीपर्यंत निदान एका गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. त्या मुलाला वेळीच थांबवणं ही त्याच्यावर केलेली मायाच आहे.

कायदा आहे, माणूस हवं

प्राथमिकच्या मुलांच्या बाबतीत पोलीस आणि कोर्ट यांची वाट जवळजवळ बंद आहे, आणि ते योग्यच आहे. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा वयात मुलाची समज पाहिली जाते. म्हणून जबाबदारी शाळेवर आणि पालकांवर येते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करतं. सीबीएसईनं २०१५ साली आपल्या शाळांना छळ रोखण्यासाठी समित्या नेमायला सांगितलं. राज्यानं मार्च २०२२मध्ये शाळांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी-सावित्री समित्या स्थापण्याचे आदेश दिले. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं त्यांत आहे.

कागद पुरेसे आहेत. शाळेत प्रत्यक्ष जी व्यक्ती उभी असते ती वर्गशिक्षिका, आणि तिच्या डोक्यावर पाठ, नोंदी, ऑनलाइन माहिती, जनगणना, निवडणूक असं सगळं असतं. तिला दोष देऊन काही साधणार नाही. तिला वेळ आणि साधनं द्यायला हवीत. एक साधन अगदी सोपं आहे. १९३०च्या दशकात जेकब मोरेनो यांनी रूढ केलेल्या पद्धतीवर ते आधारलेलं आहे. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर दोन नावं लिहायला सांगायची: ‘तुला कुणाबरोबर डबा खायला आवडेल?’ ‘कोण आवडत नाही’ हे कधीही विचारायचं नाही. चिठ्ठ्या बाईंनी एकट्यानं बघायच्या. ज्याचं नाव एकाही चिठ्ठीवर आलेलं नाही, ते मूल कोण हे पंधरा मिनिटांत कळतं. पुढच्या आठवड्यात त्याची जागा बदलायची, त्याला एखादं काम सोपवायचं, एका समजूतदार मुलाशी त्याची जोडी लावायची.

पालकांनीही शाळेत जाताना भांडायच्या तयारीनं जाऊ नये आणि समोरच्या मुलाला किंवा त्याच्या आईला फाटकावर गाठू नये. काय झालं, कधी, कुठं, कोण होतं, हे तारखेनिशी लिहून न्यावं आणि तीनच गोष्टी मागाव्यात: त्या जागेवर सुट्टीत कोण लक्ष ठेवणार, माझ्या मुलाची जागा कुठं असणार, आणि पंधरा दिवसांनी आपण पुन्हा केव्हा भेटायचं. मुलाला घरी सरळ उभं राहून ठाम आवाजात ‘थांब, मला हे आवडत नाही’ म्हणायला आणि तिथून निघून मोठ्या माणसाकडं जायला जरूर शिकवावं. ते कौशल्य उपयोगी आहे, पण त्याच्या पाठीशी मोठं माणूस असेल तरच. मूल खाणं-झोपणं सोडू लागलं किंवा मरणाची भाषा बोलू लागलं, तर थांबू नये. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. शेजारी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली उभी केलेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचं काम मराठीतून करते.

दिवाळीची सुट्टी संपली, की दुसरं सत्र सुरू होईल. पालकसभेत गुणांच्या आणि अक्षराच्या चौकशीआधी एक प्रश्न विचारावा, ‘माझं मूल मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतं?’ बाईंना उत्तर येत असेल, तर ती शाळा मुलांकडं पाहते, असं समजावं. येत नसेल, तर त्यांना ते शोधायला आठवडा द्यावा. आणि उत्तर ‘कुणाबरोबरच नाही’ असं आलं, तर ते मूल आपलं असो वा परक्याचं, मराठी असो वा गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारं, त्याच आठवड्यात त्याच्यासाठी एक मैत्रीण, एक मित्र आणि एक मोठं माणूस ठरवलं गेलं पाहिजे. एवढं काम प्रत्येक वर्गाला जमण्यासारखं आहे.